चोवीस तारखा

त्या मंगळवारी जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरबाईंनी सारिकाला विचारलं, "पाळी शेवटची कधी आली होती?"

उत्तर मी दिलं. मला वाटलं ती लाजेल. मी म्हटलं, "मागच्या आठवड्यातच. सोमवार ते गुरुवार बाजूला बसली होती."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा तिला विचारला. सारिका तपासणीच्या टेबलावर बसली होती, पाय खाली लोंबत होते. त्या पायांकडे बघत ती म्हणाली, "सव्वादोन वर्षं झाली. बंद हाय."

मी तिच्याकडे बघत राहिलो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. दर महिन्याला चार दिवस ती मागच्या खोलीत बसायची. मागच्याच आठवड्यात मी तिला तिथे ताट नेऊन दिलं होतं.

डॉक्टरबाईंनी माझा फोन मागून घेतला आणि सारिका तपासणीसाठी कमरेला बांधायची त्या सरकारी पट्ट्याची नोंद उघडली. बोटाने वर वर सरकवत त्या मोजत होत्या. "मग या चोवीस तारखा कुणाच्या?"

"माझ्याच," सारिका म्हणाली. "मीच टाकल्या."

डॉक्टरबाईंनी फोन टेबलावर ठेवला. मग सोनोग्राफीचं चित्र आमच्याकडे फिरवून त्यांनी सरळ सांगितलं. डाव्या अंडाशयात मोसंबीएवढी गाठ आहे. ती कर्करोगाची आहे. पोटात पाणी धरलं आहे, आणि आजार आता त्या एका जागेवर राहिलेला नाही. सात महिन्यांपूर्वी ही गाठ लिंबाएवढी होती, तेव्हा पट्ट्याने ती पाहिली होती. पाहिली, आणि थांबा म्हणून सांगितलं.

आमचं काय गेलं ते त्या दिवशी कळलं. सारिका गेली ती पुढे पाच महिन्यांनी.

*

माझं नाव सोमनाथ गुरव. माण खोऱ्यातल्या आमच्या गावात महादेवाचं देऊळ आहे, त्याची पूजा आमच्या घराकडे. पूजेवर घर चालत नाही, म्हणून मी ग्रामपंचायतीच्या पाणी योजनेवर काम करतो. लोक मला पाणी सोडणारा म्हणतात. हल्ली व्हॉल्व्ह फोनवरून फिरतात, तरी माणूस लागतोच.

देवाला रोज दुपारी नैवेद्य लागतो. वरण, भात, भाजी, पोळी आणि काहीतरी गोड. तो घरच्या बाईने आंघोळ करून, ओल्या केसांनी, काही न खाता करायचा. मग देऊळ, मग घरातल्यांची पानं, शेवटी ती. जग बरंच बदललं. आमच्या गावाला विजेवरची एसटी येते, औषधं ड्रोनने येतात. चुलीपुढचं हे बदललं नाही. सारिकाला ताप असला तरी ती नैवेद्य करायची. सुटी फक्त चार दिवसांची, बाजूला बसायची. त्या चार दिवसांत नैवेद्य मी करायचो, कारण आईचे गुडघे गेले होते.

इस्पितळातून परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. दहिवडी मागे पडल्यावर मी विचारलं, "का गं असं केलंस?"

"वाईट वाटलं?"

"समजंना मला. बायका म्हणतात, सुटलो एकदाच्या. तू उलट धरून बसलीस."

ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात आली नाही तेव्हा मी पण म्हटलं, सुटले. मग दुसरा महिना गेला. तिसरा गेला. रोज चूल, रोज निवद. एकदा भाकरी थापताना ध्यानात आलं, की आता मरेस्तोवर मला मधी सुटी नाही." मग म्हणाली, "अहो, ते चारच दिवस मला कुणीतरी ताट आणून द्यायचं. गरम. एरवी सत्तावीस वर्षं मी गारच जेवले."

मी तिच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली.

"म्हणून चौथ्या महिन्यात मी आपली जाऊन बसले. कुणी काही विचारलं नाही. कोण विचारणार?"

"आणि पट्ट्यात कशाला टाकलंस? तो काय आईला सांगायला जाणार होता?"

"फोन तुमचा. नोंद तुमच्याच फोनात. मी बसले आणि पट्ट्यात तारीख नाही, तर तुम्ही विचारलं नसतं?"

मी विचारलं असतं.

मग तिने माझ्या मनगटाला धरलं. "आत्याबाईंना कळू देऊ नका. देवाच्या घरात खोटं बसली म्हणतील. मला तेवढं नको."

आत्याबाई म्हणजे माझी आई. मी हो म्हटलं.

*

पट्ट्याबद्दल सांगायला पाहिजे. त्याशिवाय चूक कुठे झाली ते कळणार नाही.

चार वर्षांपूर्वी सरकारच्या आरोग्य खात्याने गावोगाव हे पट्टे दिले. कमरेला बांधायचा मऊ पट्टा, आतल्या बाजूला नाण्याएवढ्या चकत्या. प्रत्येक चकतीतून माणसाला ऐकू न येणारा आवाज पोटात जातो, आतल्या अवयवांवर आपटून परत येतो, आणि त्याचं चित्र होतं. सोनोग्राफीच ती, फक्त घरात, महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे काहीतरी दिसतंय, पुढच्या पाळीनंतर पुन्हा बघू. लाल म्हणजे डॉक्टर. गावच्या आशाताई, म्हणजे आशा सेविका वंदनाताई, दारोदार फिरून पट्टे वाटायच्या आणि म्हणायच्या, "दाजी, पाण्याच्या मोटारीचा आवाज बदलला की तुम्हाला झोप येत नाही. जरा बायकोच्या पोटाचं पण ऐका!"

पिवळा दिवा कशाला, हे त्यांनीच समजावलं होतं. बाईच्या अंडाशयात दर महिन्याला अंड्याभोवती पाण्याची एक लहान पिशवी तयार होते. अंडं बाहेर पडलं की पिशवी जिरते. कधी ती फुटतच नाही, पाणी भरून फुगत राहते. कधी फुटल्यावर आत थोडं रक्त साकळतं, आणि ती चित्रात वेडीवाकडी, भीती वाटेल अशी दिसते. पण अशा बहुतेक गाठी एक-दोन पाळ्यांत आपोआप जातात. सुरी लावायची गरज नसते. उलट घाईने सुरी लावली तर चांगलं अंडाशय जायचं. म्हणून पिवळा. थांबा, पुन्हा बघू.

आमच्या मुलीला, श्रुतीला, लग्नाआधी असा पिवळा आला होता. सारिका रात्रभर जागी. दोन महिन्यांनी हिरवा झाला. त्यामुळे पुढे सारिकाला स्वतःला पिवळा आला तेव्हा तीच म्हणाली, "पोरीचा पण पिवळाच होता की. गेला. माझा पण जाईल."

पण तीच वेडीवाकडी गाठ पाळी गेलेल्या बाईच्या पोटात दिसली, तर तिचा अर्थ बदलतो. तिथे अंडं तयार होत नाही, तेव्हा अंड्याची पिशवी यायची कुठून? ती गाठ दुसऱ्या कशाची तरी असणार. बऱ्याचदा तीही साधीच निघते. पण थांबायचं नसतं, तपासायचं असतं. चित्र तेच. बाईची पाळी चालू की बंद, एवढ्यावर पिवळ्याचा लाल होतो.

माझ्या कामातलं सांगतो. एकदा वरच्या टाकीचा पाणी मोजायचा गेज सारखा टाकी भरलेली दाखवायचा, आणि वरच्या आळीला पाणी नाही. दोन दिवस मी गेजला शिव्या घातल्या. शेवटी कळलं, गेज बसवताना कुणीतरी त्यात खालच्या टाकीची उंची भरली होती. गेज पाणी बरोबर मोजत होता. त्याला टाकीच दुसरी सांगितली होती.

सारिकाच्या पट्ट्याचं तेच झालं.

पट्टा महिन्याला विचारायचा, पोट फुगतं का? ती हो दाबायची. दोन घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं का? हो. पट्टा ते पाळीच्या तारखेशी जोडायचा. पाळीच्या आधी बायकांना असं होतं. तिला ते महिनाभर व्हायचं. अर्धी भाकरी ताटात ठेवायची, रात्री तीन-तीनदा उठायची. मी म्हणायचो, डॉक्टरला दाखवू या का? आणि लगेच म्हणायचो, पट्टा बांध बरं आधी. पिवळा बघितला की मला बरंच वाटायचं. लाल नाही ना, झालं.

चोवीस तारखांतली एक मी टाकलेली आहे. श्रावणात. ती मागच्या खोलीतून म्हणाली, "अहो, आजची तारीख टाका तेवढी." मी टाकली.

*

तिच्यावर सगळे उपचार झाले. औषधं चढवली, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं. तिचे केस गेले. श्रुती नाशिकहून येऊन दोन महिने राहिली. त्यातल्या एका दुपारी इस्पितळात, श्रुती खाली औषधं आणायला गेली असताना, सारिका म्हणाली, "अजून एक सांगायचं राहिलंय."

"सांग की."

"मी एकटीच नाही तारीख टाकत. पापड करायला जमलो होतो तेव्हा मी बोलून गेले. हसण्यावारी. मंगल म्हणाली, वा, हे बरंय. पार्वतीने पण सुरू केलं. आणि छायाने." छाया म्हणजे माझ्या चुलतभावाची, बजरंगची बायको. "तिघींचं वय झालेलं हाय. तिघींची बंद झालीये. माझं बघून करतात."

"त्यांचे दिवे काय दाखवतात?"

"मंगलचा आणि छायाचा पिवळा हाय म्हणाल्या होत्या. पार्वतीचं ठाऊक नाही. तुम्ही बघा त्यांचं." मग थोड्या वेळाने, "पण माझं नाव सांगू नका. आत्याबाईंना तर नाहीच."

दोन्ही एकदम कसं जमायचं, ते तिने सांगितलं नाही. सोळा दिवसांनी ती गेली.

*

तेरावं झाल्यावर पुण्याहून एक बाई आल्या. डॉक्टर फरझाना मुल्ला. पट्ट्याला निदान शिकवणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख. वंदनाताई त्यांना घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. मुल्ला मॅडम ओसरीवर बसल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, "भाऊ, माझा पट्टा कुठे चुकला ते समजून घ्यायला आलेय. तुमच्या पत्नीला सात वेळा पिवळा दाखवला त्याने. एकच गाठ तीन वेळा दिसली की लाल व्हायला हवा होता. पण दर वेळी नवी तारीख आली, म्हणून जुनी जिरली आणि नवी झाली असं त्याने धरलं. इस्पितळाच्या कागदावर पाळी बंद असं लिहिलंय. माझ्याकडे चोवीस तारखा आहेत. खरं काय?"

आई आत माजघरात बसलेली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "तारखा बरोबर आहेत. इस्पितळात लिहिताना चुकलं असेल."

वंदनाताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मुल्ला मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तसं असेल तर यंत्र चुकलं. मग मला ते जास्त भित्रं करावं लागेल. पाळी चालू असलेल्या बाईचीही रक्ताची गाठ दिसली, की पहिल्याच वेळी लाल. तुम्हाला सांगते काय होईल. वीस-बावीस वर्षांच्या मुली, ज्यांची गाठ दोन महिन्यांत आपोआप जाणार आहे, त्या घाबरून ऑपरेशनला जातील. काहींचं अंडाशय उगाच जाईल. पण तुमच्या पत्नीसारखी दुसरी जाऊ द्यायची नसेल, तर मला दुसरा रस्ता नाही."

मला श्रुतीचा पिवळा दिवा आठवला.

"परवा माझा अहवाल जाईल," त्या म्हणाल्या. "काही आठवलं तर फोन करा."

जाताना त्यांनी वंदनाताईंना बायकांसाठी एक कागद दिला, तो वंदनाताईंनी आमच्याही दाराला चिकटवला. पोट सतत फुगलेलं राहतं, लवकर भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं, आणि हे दोन-तीन आठवडे चाललं, तर पट्ट्याचा दिवा कुठलाही असो, डॉक्टरकडे जा. पाळी गेल्यानंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी जा. ओटीपोटात एकदम जोराची कळ आली, उलट्या झाल्या, चक्कर आली, ताप भरला, तर त्याच तासाला जा, गाठीला पीळ पडलेला असू शकतो. मी तो कागद उभा राहून वाचला. पहिल्या ओळीतलं सगळं सारिकाला होतं. कागद एक वर्ष उशिरा आला असं मी म्हणणार होतो. पण वंदनाताईंनी हेच तोंडाने चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी दिव्याचं तेवढं लक्षात ठेवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी नैवेद्य करून देवळातून आलो. आई पायरीवर बसून दुसऱ्या दिवसाचा बेल निवडत होती. किडकं पान खाली, चांगलं ताम्हणात. मी तिच्याशेजारी बसलो.

"आई, सारिकाची पाळी दोन वर्षांपूर्वीच गेली होती."

तिचा हात थांबला नाही. "मग बसत कशाला होती?"

"विसाव्याला."

"कसला विसावा? मी काय तिला जात्याला जुंपली होती?"

"नाही. पण रोजचं होतं ना."

"मला पण रोजचं होतं. चाळीस वर्षं केलं. मी कुठं खोटं बोलले?" तिने एक पान उलटसुलट करून पाहिलं, खाली टाकलं. "देवाच्या घरात. अगं बाई. कुणाकुणाला ठाऊक हाय हे?"

"मला. डॉक्टरला. आणि तिच्यासारख्या आणखी तिघी आहेत गावात. त्यांच्या पोटात पण गाठ असेल तर पट्टा असाच फसणार. मी काल खोटं सांगितलं त्या मॅडमना. तू ऐकलंस."

"ऐकलं."

मला वाटलं आता रडेल, नाहीतर सारिकाला बोलेल. तिने ताम्हण मांडीवरून खाली ठेवलं.

"त्या चार दिसात निवद कोण करायचं?"

"मी करायचो की."

"देवाला चालला?"

"चालला म्हणायचा."

"गावातलं कोण काय म्हटलं?"

"कोण काय म्हणणार? काही नाही."

"मग बाकीचे सव्वीस दिवस तुझ्या हाताला काय झालं होतं?"

मी खाली पडलेली किडकी पानं गोळा केली.

मी उठलो तेव्हा तिने मागून विचारलं, "मला का सांगितलं नाही तिनं?"

"तुला भ्यायची."

त्या दिवशी बेल तसाच अर्धा निवडलेला राहिला. मी संध्याकाळी उरलेला निवडला.

*

मी मुल्ला मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. तारखा खोट्या होत्या, का टाकल्या, ताट, चार दिवस, सगळं. नाव फक्त सारिकाचं घेतलं. तिला दिलेला शब्द मी मोडला. तिघींबद्दल एवढंच म्हटलं, की गावात आणखी आहेत, आणि गावोगाव असतील.

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, पट्ट्याला दिसतं हो. अंडं तयार झालं की त्याची खूण चित्रात येते. तुमच्या पत्नीची चित्रं आत्ता उघडून बघितली, दोन वर्षं त्यांत ती खूण नाही; तारखा होत्या म्हणून मी ती शोधलीच नव्हती. त्याने पाहिलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"आम्हीच बोलू दिलं नाही. आधीची यंत्रं बाईचं ऐकायची नाहीत. बाई म्हणायची दुखतंय, यंत्र म्हणायचं चित्रात काही नाही. डॉक्टर पण तसेच. कितीजणींना मनाचे खेळ म्हणून घरी पाठवलं. म्हणून हा पट्टा करताना आम्ही पहिला नियम घातला. चित्र आणि बाईचा शब्द वेगळे पडले, तर बाईचा शब्द खरा धरायचा. तो नियम मी लिहिलाय."

"मग आता काय करणार?"

"आता दोन्ही जुळत नसतील तर थांबायचं नाही, लगेच तपासणीला पाठवायचं. फोनवर संदेश जाईल, तारीख आणि चित्र जुळत नाहीत म्हणून."

"कुणाच्या फोनवर?"

"नोंदवलेल्या."

"मॅडम, आमच्या गावात नोंदवलेला फोन नवऱ्याचा आहे. संदेश आधी तो वाचतो, मग त्याची आई. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पट्टा काढून खुंटीला लावतील. मग लालही दिसणार नाही आणि पिवळाही."

आम्ही त्यावर तासभर बोललो. मी आयुष्यात एवढा वेळ फोनवर बोललो नव्हतो. शेवटी ठरलं ते असं. फोनवर काहीच जाणार नाही. पट्टा बांधलेला असताना तो फक्त तीनदा थरथरेल, जिच्या कमरेला आहे तिलाच कळेल. तीनदा थरथरला की आशाताईंना भेटायचं. आशाताई कारण विचारणार नाहीत, चिठ्ठी देतील.

मी म्हटलं, "आणि एक वेगळं बटण ठेवा. विसाव्याचं. तारीख न टाकता चार दिवस मिळतील असं."

त्या म्हणाल्या, "ते पट्ट्यात बसत नाही हो भाऊ. ते घरातच बसवावं लागेल."

*

पट्ट्याची नवी रीत गावात यायला सहा महिने लागणार होते. तेवढं थांबायला वेळ नव्हता. मी वंदनाताईंना तीन नावं दिली. त्या म्हणाल्या, "दाजी, त्या दिवशी ओसरीवर तुम्ही खोटं बोललात, तेव्हा मला वाटलं तुमच्या घरी परत पाऊल टाकू नये." मग नावं लिहून घेतली.

मंगल तपासणीला गेली. तिची गाठ साध्या पाण्याची निघाली, रक्ताची तपासणी चांगली आली. चार महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आहे, एवढंच. पार्वतीला पट्टा हिरवा दाखवत होता, पण तिला पाळी गेल्यावर दोनदा रक्त दिसलं होतं आणि ती कुणाला बोलली नव्हती. ते गर्भाशयाच्या कर्करोगाचं निघालं, पण वेळेत कळलं. तिचं ऑपरेशन झालं, ती घरी आहे. तिचा नवरा सध्या स्वयंपाक करतो आणि पार्वती अंथरुणावरून मीठ कमी, मीठ जास्त सांगते. परवा मी गेलो तर तो म्हणाला, "गुरव, तुम्ही मला कामाला लावलं." आतून पार्वती म्हणाली, "लावलं नाही, शिकवलं!"

छाया गेली नाही.

वंदनाताई दोनदा जाऊन आल्या. छाया म्हणाली, मला काही नाही, तारखा माझ्या खऱ्या आहेत. मग मी स्वतः गेलो. बजरंग शेतावर होता. छाया अंगणात धान्य वाळत घालत होती. सहा-सात महिन्यांपूर्वीपेक्षा ती वाळलेली दिसली, पोट मात्र पुढे आलेलं.

मी म्हटलं, "छाया, मला ठाऊक आहे. सारिकाने सांगितलंय."

तिने धान्यावरून हात फिरवला. "काय ठाऊक हाय?"

"तारखांचं."

"वहिनींनी बोलायला नको होतं."

"तुझा पिवळा किती महिने आहे?"

"पाच." मग हळू आवाजात, "भावजी, मी तपासायला गेले की यांना कळणार. बंद झालीये म्हणून कळणार. मग सासूबाई मागच्या खोलीत धान्याची पोती लावणार. लावतीलच, लावायचीच म्हणत होत्या. माझे चार दिवस काढून घेऊ नका."

"मी बजरंगशी बोलतो. तो करेल चार दिवस. मी करतो ना आता रोज."

ती हसली. "तुम्ही वहिनी गेल्यावर करताय."

मी निघून आलो.

रोज नैवेद्य मीच करतो. आई शेजारी बसून सांगते, वरणाला हिंग आधी. आम्ही दोघं एका वेळी जेवायला बसतो आणि गरम जेवतो. मागची खोली तशीच आहे. सारिकाचा पट्टा खुंटीला आहे, परत करायचा आहे. मुल्ला मॅडमचा फोन येतो. नवी रीत पुढच्या महिन्यात चालू होईल म्हणतात. छायाचा पट्टा तेव्हा तीनदा थरथरेल, पण त्याआधी एक महिना जाईल, आणि सारिकाच्या पोटात एका महिन्यात काय झालं ते मी पाहिलेलं आहे.

बजरंगला सांगितलं तर छायाचं खोटं उघडं पडेल. नाही सांगितलं तर ती जाणार नाही. चार वेळा त्याच्या बांधापर्यंत गेलो, पाण्याचं बोलून परत आलो.

छायाची सोनोग्राफी झालेली नाही. बजरंगशी मी अजून बोललो नाही.